तक्रार क्रमांक तेवीस

अंबुलगेकर साहेबांनी पँट दोन बोटं वर दुमडली, खिशातून लोखंडी टेप काढली आणि ते सरळ संडासात शिरले. दाराबाहेर आम्ही सोळा माणसं श्वास रोखून उभी. पंधरा म्हातारी आणि मी. आत टेप खळकन उलगडल्याचा आवाज झाला आणि मग बराच वेळ काहीच ऐकू येईना.

"साहेबांना बरं नाही का?" हमीदचाचांनी विचारलं. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते जे हळू विचारत ते सगळ्या गल्लीला कळायचं.

साहेब बाहेर आले. टेप मिटवत म्हणाले, "चौतीस इंच. भिंतीवरचा दांडा तीस ते बत्तीस इंचांवर हवा. टेकाळेबाई, हा दांडा धरून माणूस उठणार आहे की लोंबकळणार आहे?"

दांडा मी स्वतः उभी राहून बसवून घेतला होता आणि माझी उंची पाच फूट सात इंच. साहेबांनी कागदावर एक फुली मारली. त्या कागदावर त्रेचाळीस मुद्दे होते आणि हा सहावा होता.

बारा वर्षं झाली या गोष्टीला. त्याच्या आधीची चोवीस वर्षं मी पिंपळशेंडच्या एस.टी. स्टँडवर चौकशी खिडकीत काढली. गाड्यांच्या वेळा सांगायच्या आणि माइकवरून पुकारा करायचा. अख्ख्या तालुक्याला माझा आवाज ठाऊक होता, चेहरा मात्र निम्म्यांनी पाहिलेला नव्हता. खिडकीतून समोरचा दोन नंबरचा फलाट दिसे. तिथल्या बाकांवर रोज तीच ती म्हातारी माणसं येऊन बसत. दहाला यायची, पाचला उठून जायची, गाडीत कुणीच चढायचं नाही. एकदा मी भिंगारदिवे गुरुजींना विचारलं, कुठली गाडी हवी आहे तुम्हाला. ते म्हणाले, कुठलीच नको, घरी दिवसभर भिंत दिसते, इथं माणसं दिसतात.

ते माझ्या डोक्यात बसलं. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ज्येष्ठांसाठी दिवसाचं केंद्र काढायचं ठरवलं. सकाळी दहाला यावं, चहा, पेपर, कॅरम, दुपारी गरम जेवण, जरा लवंडणं आणि साडेपाचला घरी. नाव ठेवलं 'थांबा'. नगरपालिकेनं जुन्या दवाखान्याचा हॉल दिला, पण एका अटीवर. एकतीस मार्चच्या आत सरकारी नोंदणीचं प्रमाणपत्र आणून दाखवायचं, नाहीतर हॉल व्यायामशाळेला. व्यायामशाळेची पोरं रोज येऊन आमच्या भिंतींची मापं घेऊन जात होती.

आणि नोंदणी होती अंबुलगेकर साहेबांच्या हातात. वय असेल पस्तीस. किडकिडीत अंग, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. माणूस इतका सरळ की कुणाच्या ऑफिसात चहासुद्धा घेत नसे. त्यामुळे मला फारच धास्ती वाटत होती. चहा न घेणाऱ्या माणसाशी बोलायला सुरुवात कुठून करायची?

संडासाच्या आधी, दारातच, नावावर त्यांनी पहिली हरकत घेतली होती. म्हणाले, 'थांबा' हे नाव आहे की आज्ञा? संस्थेच्या नावातून उद्देश समजला पाहिजे. तेव्हा पाटी बदलून 'थांबा ज्येष्ठ नागरिक दिवसकालीन देखभाल केंद्र' करायची ठरली. पाटी आमच्या दारापेक्षा लांब निघाली. मग आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या बादल्या पाहिल्या. दोनपैकी एकीत शेवंताबाईंनी पुदिना लावला होता. साहेबांनी पुदिन्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, आग लागली तर आधी हा खुडायचा का. शेवंताबाई म्हणाल्या, साहेब, पुदिना ओला असतो, तो काय पेटतोय. दुसरी फुली.

संडासानंतर माणसं मोजली. नियमाप्रमाणे किमान पंधरा लाभार्थी लागत आणि माझ्याकडे होते चौदा. पंधरावी म्हणून मी माझ्या सासूबाईंना आणून बसवलं होतं. सोनाबाई टेकाळे, वय अठ्ठ्याहत्तर. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आत्या म्हणे. घरी आम्ही दोघीच. नवरा, विलास, माझ्या तिशीतच कावीळ होऊन गेला, त्याच्याच जागी मला खिडकीतली नोकरी लागली, आणि मुलगी लग्न होऊन लातूरला. चोवीस वर्षांत आत्यांचं आणि माझं एकदाही भांड्याला भांडं लागलं नव्हतं. गल्लीतल्या बायका आपल्या सुनांना आमचं उदाहरण द्यायच्या.

केंद्रात यायला आत्या आधी तयार नव्हत्या. मी काय निराधार आहे, म्हणाल्या. मी सांगितलं, नुसतं नाव लावायचंय, नोंदणी झाली की येऊ नका. तेव्हापासून रोज माझ्यामागं चार पावलं अंतर ठेवून येत आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. आपपरभाव नको म्हणून मीही इथं त्यांना बाकीच्यांसारखंच वागवत असे. "सोनाबाई, चहा झाला का? सोनाबाई, गुडघा काय म्हणतोय आज?" असं.

साहेबांनी पंधरा डोकी मोजली, माझी सही घेतली. मग म्हणाले, तक्रार नोंदवही दाखवा.

मी मोठ्या अभिमानानं वही पुढं केली. कोरी करकरीत. एकही तक्रार नाही.

त्यांनी पानं उलटली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "कोरी वही म्हणजे दोनपैकी एक," ते म्हणाले. "एक तर तुम्ही ही वही लोकांना दाखवत नाही, किंवा लोक तुम्हाला भितात. दोन्हींवर नोंदणी नाकारता येते."

तीन आठवड्यांनी पुन्हा येतो, म्हणून ते गेले.

त्याच दिवशी मी सुताराला बोलावून दांडा खाली घेतला आणि सगळ्यांना गोल बसवून वही मधे ठेवली. म्हटलं, माझ्या विरुद्ध, केंद्राच्या विरुद्ध, कशाच्याही विरुद्ध लिहा, पण लिहा. कुणी तयार होईना. तुमच्याविरुद्ध काय लिहायचं, तुम्ही किती करता, असं सगळ्यांचं सुरू झालं. शेवटी मी स्टँडवरचा आवाज काढला आणि सांगितलं की शनिवारपर्यंत प्रत्येकाची एक तक्रार आली पाहिजे, नाहीतर कॅरम बंद. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची तक्रार गुरुजी लिहून घेतील.

पहिले दोन दिवस वही तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी शेवंताबाईंनी तोंड उघडलं आणि मग लोंढाच लागला. मी स्वयंपाकघराच्या गडबडीत असे. येता-जाता दिसायचं, गुरुजी वही घेऊन बसलेत आणि समोर रांग आहे. माझा जीव भांड्यात पडला. वाचून बघायची गरज मला वाटली नाही. माणसं मोकळी झाली तर होऊ दे, म्हटलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात साहेब आले. दांडा मोजला, एकतीस निघाला. पुदिना जमिनीत गेला होता. पाटी वाचली. मग कॅरमच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले आणि वही उघडली.

"एकूण सव्वीस," ते म्हणाले. "छान. आता एकेक बघू. प्रत्येक तक्रारीवर काय कार्यवाही केली ते लिहायचं आणि तक्रारदाराची 'समाधान झाले' अशी सही घ्यायची. एक जरी सही राहिली तरी प्रस्ताव पुढं जात नाही."

हे मला पहिल्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी अकराला बसलेले साहेब दुपारी चारपर्यंत उठले नाहीत. चहा फार गोड असतो अशी एक तक्रार होती, चहा अजिबात गोड नसतो अशी दुसरी, आणि दोन्ही हमीदचाचांच्याच होत्या. शेवंताबाईंची तक्रार अशी की गुरुजी पेपर वाचून दाखवतात पण निधनवार्ता गाळतात, त्यामुळे कोण गेलं ते आम्हाला तेराव्यानंतर कळतं. गुरुजींची तक्रार अशी की पेपर वाचताना शेवंताबाई घोरतात. साहेबांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि कोर्टात ऐकावं तसं ऐकून घेतलं. शेवटी निधनवार्ता आधी वाचायच्या म्हणजे त्या होईपर्यंत शेवंताबाई जाग्या राहतील, असा निकाल दिला. दोघांनी सह्या केल्या. सरकारी माणूस आपलं म्हणणं कागदावर उतरवून घेतोय म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चौदा नंबरची तक्रार खुद्द साहेबांविरुद्धच होती: मागल्या वेळी आले, संडास मोजला आणि चहा न घेता गेले. साहेबांनी ती दोनदा वाचली. मग मान खाली घालून म्हणाले, अर्धा कप द्या. कार्यवाहीच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, चहा घेतला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं बघत होते आणि मनात म्हणत होते, जमलं. बावीस झाल्या, चार राहिल्या.

तेवीस नंबरला साहेब थांबले. मनात वाचलं. वर पाहिलं. मग वही उचलून माझ्याकडे फिरवली. गुरुजी एकदम पंख्याकडे बघायला लागले.

अक्षर गुरुजींचंच होतं, सरळ, शाळेच्या फळ्यावरचं. "या केंद्राच्या बाई इथे सर्वांशी बोलतात. माझ्याशीही चांगले बोलतात. घरी गेल्यावर बोलत नाहीत." आणि खाली मोठाली, वाकडीतिकडी, एकेक कोरून काढलेली अक्षरं: सोनाबाई टेकाळे.

आत्यांना सही करता येते हे मला माहीत नव्हतं. त्या अंगठा करायच्या. इथं येऊन, महिनाभर खिडकीजवळ बसून, गुरुजींकडून त्या सही शिकल्या होत्या. ते चौदा जणांना माहीत होतं.

"हा घरचा विषय आहे," मी म्हणाले. "चुकून लिहिलाय. खोडून टाकू."

"पानांना क्रमांक आहेत. खोडता येत नाही."

"पण याचा केंद्राशी काय संबंध?"

साहेबांनी शांतपणे विचारलं, "या लाभार्थी आहेत ना?"

नाही म्हणावं तर पंधराचे चौदा होत होते. "आहेत," मी म्हणाले.

"मग लाभार्थीनं संचालकांविरुद्ध केलेली तक्रार आहे. कार्यवाही तुम्हीच करायची. अठ्ठावीस तारखेला येतो."

आत्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. अगदी निवांत.

त्या संध्याकाळपासून मी घरी बोलायला सुरुवात केली. तुम्हाला सांगते, चोवीस वर्षं माणसांना गाड्यांच्या वेळा सांगणारी मी, पण घरी जेवायला बसल्यावर तोंडातून शब्द फुटेना. आज उकाडा आहे, म्हणाले. त्या हं म्हणाल्या. उद्या कोणती भाजी करू, विचारलं. तुला करायची ती कर. मग मला आठवलं की केंद्रात मी म्हाताऱ्यांना जुन्या आठवणी विचारते आणि ती माणसं खुलतात. म्हणून विचारलं, "आत्या, तुमच्या लहानपणी गावात जत्रा कशी भरायची, सांगा ना."

त्यांनी घास खाली ठेवला. "मला लाभार्थी समजू नकोस," म्हणाल्या.

रोज सकाळी केंद्रात गेले की चौदा जण माझ्या तोंडाकडे बघत. कुणी विचारायचं नाही, पण हमीदचाचा गुरुजींना हळूच म्हणायचे, "काल बोलल्या का?" आणि ते मला, भाजीवालीला आणि रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्याला ऐकू जायचं. शेवंताबाईंनी मला बाजूला घेऊन विषय सुचवले. व्यायामशाळेची पोरं येऊन वजनं कुठं ठेवायची त्याच्या खुणा खडूनं करून गेली.

अठ्ठावीस तारीख उजाडली. सकाळी सातला नळाला पाणी आलं. मी बादल्या भरत होते, आत्या पाटावर बसून मेथी निवडत होत्या.

"आत्या, आज सही करा," मी म्हणाले. "हॉल जाईल."

"हॉल जाईल म्हणून करू?"

"मग काय बोलायला हवं होतं मी, ते तरी सांगा. एवढ्या माणसांपुढं माझी शोभा केलीत. बोलणं तुम्ही सोडलंत, मी नाही. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवसापासून तीन महिने तुम्ही माझ्याशी अवाक्षर बोलला नाहीत."

आत्यांचा हात थांबला. "म्हणजे कळलं होतं तुला."

"काय?"

"मी अबोला धरलाय ते."

"न कळायला काय झालं?"

"मग मोडला का नाहीस?"

बादली भरून वाहत होती. मी नळ बंद करायचा विसरले. "मी मोडायचा?"

"मग काय धरणाऱ्यानं मोडायचा? मी वाट बघत होते. विलासला जाऊन दोन महिने झाले नव्हते. त्याच्याच डब्यात भाकरी भरून तू त्याच्याच खिडकीत बसायला गेलीस. मी म्हटलं, संध्याकाळी येईल, कसं वाटलं तिथं बसून ते सांगेल. तू आलीस, चप्पल काढलीस आणि म्हणालीस, जेवलात का."

"मला तेव्हा दुसरं काय सुचणार होतं?"

"मला तरी कुठं काय सुचत होतं? म्हणून तर अबोला धरला." त्यांनी मेथीची जुडी ताटात आपटली. "पुढं पुढं तर माझ्याही ध्यानात राहिलं नाही की धरलाय. त्या केंद्रात तू मला सोनाबाई, सोनाबाई करायला लागलीस तेव्हा आठवलं."

मी म्हणाले, "मला वाटलं तुमचा स्वभावच कमी बोलायचा आहे."

"माझा? माहेरी मला टिटवी म्हणायचे."

मला हसू आलं आणि त्याहून जास्त राग आला. चोवीस वर्षं मी त्यांच्या समोर मांडी घालून जेवत होते आणि अबोला मोडायचं काम त्या माझ्याच गळ्यात टाकून बसल्या होत्या. ते मी बोलून दाखवलं. मग त्या काही बोलल्या, मग मी. विलासच्या डब्यावरून आम्ही मुलीच्या लग्नातल्या शालूवर आलो, तिथून एका लोणच्याच्या बरणीवर, जी मी न विचारता माझ्या बहिणीला दिली होती. ती बरणी कधीची हे मला आठवतही नव्हतं. त्यांना महिना आणि वार आठवत होता. मी म्हणाले, एवढं सगळं आत ठेवून तुम्हाला झोप कशी लागायची. त्या म्हणाल्या, लागायची नाही, तू कधी विचारलंस?

घड्याळ बघितलं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. जन्मात कधी मी गाडीची वेळ चुकवली नव्हती. तशाच निघालो. रस्त्यानंही थांबलो नाही. त्या चार पावलं मागं नव्हत्या, बरोबरीनं चालत होत्या, कारण मागून बोललेलं मला ऐकू आलं नसतं. ज्या बायका आमचं उदाहरण द्यायच्या त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

केंद्राच्या पायरीवर चौदा माणसं आणि अंबुलगेकर साहेब किल्लीची वाट बघत उभे होते. आम्ही कोपऱ्यावरून वळलो तशा सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. आत्या तेव्हा म्हणत होत्या की बरणी गेली ते जाऊ दे, पण झाकणसुद्धा दिलंस. मी कुलूप काढलं. साहेबांनी आत येऊन वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि घसा साफ केला.

"सोनाबाई, तक्रार क्रमांक तेवीस. समाधान झालं का?"

"नाही," आत्या म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "भांडण सुरू झालंय. कुठं करायची सही?"

साहेबांचं पेन अधांतरी राहिलं. म्हणाले, समाधान झालं नसेल तर सही घेता येणार नाही, नियम आहे. मी खुर्चीत बसले. व्यायामशाळेच्या खडूच्या खुणा समोरच्या भिंतीवर दिसत होत्या.

तेव्हा गुरुजी उठले. चष्मा लावला, वही स्वतःकडे ओढली आणि बोट ठेवून म्हणाले, "साहेब, तक्रार काय आहे ते वाचा. 'घरी गेल्यावर बोलत नाहीत.' गोड बोलत नाहीत असं कुठंही लिहिलेलं नाही. लिहून मीच घेतलंय."

साहेबांनी तक्रार पुन्हा वाचली. मग आत्यांना विचारलं, "आज घरी बोलल्या का?"

"सातपासून."

"किती वाजेपर्यंत?"

"अजून कुठं संपलंय?"

साहेबांनी मान हलवली आणि कार्यवाहीच्या रकान्यात सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं: घरी बोलणे सुरू. तपासणी अधिकाऱ्याने रस्त्यात प्रत्यक्ष ऐकले. मग वही आत्यांकडे फिरवली. त्या खाली वाकल्या आणि पेन मुठीत धरून अक्षरं काढायला लागल्या. 'टे'ची मात्रा विसरल्या, ती मागाहून दिली. सही झाल्यावर हमीदचाचा हळूच म्हणाले, "झालं वाटतं." रस्त्यापलीकडून सायकलवाल्यानं विचारलं, "झालं का?"

उरलेल्या तीन तक्रारी दहा मिनिटांत मिटल्या. प्रमाणपत्र तीस तारखेला आलं, एकतीसला मी ते नगरपालिकेत नेऊन दाखवलं. व्यायामशाळेला नंतर दुसरीकडे जागा मिळाली.

अठ्ठावीसच्या त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो. दोघींचेही घसे बसले होते. मी मेथी केली, भाकरी टाकली, ताटं वाढली. आत्या जेवायला बसल्या आणि काही बोलेनात. एक भाकरी झाली, अर्धी झाली. मी पाणी दिलं, भाजी वाढली. त्या खाली बघून जेवत होत्या. आता या परत किती वर्षं बोलणार नाहीत, या विचारानं माझा घास हातात राहिला.

त्यांनी वर पाहिलं.

"रागावले नाहीये," आत्या म्हणाल्या. "घास आहे तोंडात."